मेलेले जनावर आणि मांसमाश्या : दोष माशीचा की गावाचा?

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगावर झूल चढते, शिंगांना रंग लागतो, गळ्यात घुंगुरमाळा पडतात आणि घरची लक्ष्मी त्यांस ओवाळून पुरणपोळीचा घास भरविते. वर्षभर राबणाऱ्या मुक्या सोबत्याविषयी कृतज्ञता व्यक्त करण्याची ही आपल्या शेतकऱ्यांची रीत खरोखर थोर आहे. परंतु तोच बैल पुढे एके दिवशी गोठ्यात मरून पडला म्हणजे त्याची वाट काय लागते? पुष्कळ गावांत ह्या प्रश्नाचे उत्तर गावाबाहेरच्या नाल्यात सापडते. दोर बांधून, बैलगाडीने किंवा ट्रॅक्टरने ओढून, ते शव कोठल्या तरी ओहोळात, पांदीच्या कडेला अथवा गायरानाच्या टोकाला टाकले जाते आणि ओढणारे नाकाला धोतराचा सोगा लावून परत फिरतात. पुढचे काम माश्यांकडे सोपविलेले असते. मग दोन दिवसांनी गावात माश्या वाढल्या म्हणून ओरड सुरू होते आणि सर्व दोष माशीच्या माथी मारला जातो. हा न्याय योग्य आहे काय, याचा शांतपणे विचार होणे अवश्य आहे.

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील धावडा हे गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या लगतचे. कापूस, मका, सोयाबीन आणि मिरची ही ह्या भागातील मुख्य पिके. डोंगराच्या अंगाची जमीन कोठे काळी, कोठे मुरमाड. जेथे शेती तेथे जनावर आणि जेथे जनावर तेथे मरण हे ओघानेच आले. अशा गावाच्या शिवारात कुजत पडलेल्या एखाद्या जनावराकडे तिरस्काराने पाठ न फिरविता जर कोणी जाणत्याने वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहून थोडा वेळ पाहिले, तर त्यास तेथे एक मोठी सृष्टी कामाला लागलेली दिसेल.

किडे मांसातून उत्पन्न होत नाहीत

मांस कुजले म्हणजे त्यात आपोआप किडे होतात, अशी समजूत अजूनही कित्येक ठिकाणी ऐकू येते. ही समजूत साडेतीनशे वर्षांपूर्वीच खोटी ठरली आहे. फ्रान्चेस्को रेडी ह्या इटालियन वैद्याने १६६८ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्याने काही भांड्यांत मांस उघडे ठेवले आणि काही भांड्यांच्या तोंडांवर तलम जाळीचे कापड बांधले. उघड्या मांसावर माश्या बसल्या व त्यात अळ्या झाल्या. झाकलेले मांस कुजले खरे, पण त्यात अळी पडली नाही. अळी ही माशीचीच संतती होय, हे त्याने असे सिद्ध केले. ह्या साध्या प्रयोगात गावासाठीही एक धडा आहे. जेथे माशीला पोचता येत नाही, तेथे अळी होत नाही. मृत जनावर खोल पुरण्यामागील तत्त्व हेच आहे.

माश्यांचे निरीक्षण किती उपयोगी पडते, याची एक कथा याहूनही जुनी आहे. चीनमधील सोंग त्झू नावाच्या न्यायाधिकाऱ्याने १२४७ साली लिहिलेल्या ग्रंथात एका खुनाची हकीकत येते. जखमा विळ्याच्या होत्या. तपास करणाऱ्याने गावातील सर्वांचे विळे उन्हात मांडावयास लावले. विळे सारे स्वच्छ दिसत होते. परंतु एकाच विळ्यावर माश्या येऊन बसू लागल्या आणि त्याच्या मालकाने गुन्हा कबूल केला. डोळ्यांस न दिसणारा रक्ताचा अंश माशीला कळतो. शवावरील अळ्यांच्या वाढीवरून मृत्यूची वेळ ठरविण्याचे शास्त्र आज न्यायवैद्यकात मान्यता पावले आहे.

एक माशी नव्हे, अनेक

शेतकऱ्याच्या दृष्टीस सर्व माश्या सारख्याच दिसतात. वस्तुतः शवावर येणाऱ्या माश्यांची अनेक कुळे आहेत. चकाकणाऱ्या हिरव्या व निळ्या माश्या सहसा सर्वांच्या आधी येतात. मृत्यूनंतर काही मिनिटांतच त्या जनावराच्या डोळ्यांच्या कडा, नाकपुड्या, तोंड आणि जखमा यांजवळ घुटमळू लागतात व तेथे अंड्यांचे पांढुरके पुंजके घालतात. त्यांच्या मागोमाग, आणि कधी त्यांच्याबरोबरच, येते ती करड्या रंगाची, घरमाशीहून मोठी मांसमाशी. तिचे डोळे लालसर असतात, पाठीवर तीन काळे उभे पट्टे असतात आणि पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखी करडी-काळी घरे असतात. घरमाशीच्या पाठीवर असे चार पट्टे असतात. एवढी एक खूण ध्यानात ठेवली, तरी दोहोंतील भेद पुष्कळ वेळा ओळखता येतो.

मांसमाशीचे खरे वैशिष्ट्य निराळेच आहे. ती अंडी घालीत बसत नाही. अंडी तिच्या पोटातच उबतात आणि ती थेट जिवंत अळ्या मांसावर सोडते. त्यामुळे तिच्या संततीस पहिल्या क्षणापासून खाण्यास आरंभ करता येतो. पावसाच्या सरी चालू असताना जेव्हा इतर माश्या आडोशाला बसतात, तेव्हाही मांसमाश्या उडताना आढळतात. अळीच्या मागील टोकाशी असलेली श्वासरंध्रे एका खोलगट खळग्यात असतात. तो खळगा मिटून घेऊन ती पातळ झालेल्या मांसातही बुडून न मरता राहू शकते. निसर्गाने एका क्षुद्र अळीची किती बारकाईने सोय लावली आहे!

ह्या मांसमाश्यांच्या जगात तीन हजारांवर जाती ज्ञात आहेत. भारतातील जातींचे वर्णन करणारा बी. सी. नंदी यांचा ग्रंथ भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने २००२ साली प्रसिद्ध केला. सार्कोफॅगा रुफिकॉर्निस, सार्कोफॅगा डक्स, सार्कोफॅगा अल्बिसेप्स, सार्कोफॅगा पेरेग्रिना अशा अनेक जाती आपल्या देशात नोंदल्या गेल्या आहेत. वरून पाहता त्या एकमेकींसारख्या इतक्या दिसतात की, तज्ज्ञांसही नराच्या जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावाचून जात निश्चित सांगता येत नाही. शिवाय सर्वच जाती शवावर जगतात असेही नाही. काहींच्या अळ्या टोळ व नाकतोड्यांच्या शरीरात वाढून त्यांचा नाश करितात. कित्येक प्रौढ माश्या फुलांवरील मध शोषितात आणि आंब्याच्या मोहोरावर फिरताना परागीभवनास हातभार लावितात. तेव्हा “माशी तेवढी वाईट” हे म्हणणे “गवत तेवढे तण” असे म्हणण्यासारखे आहे.

शवावरचे कामकरी

मृत जनावराचे कुजणे हे अव्यवस्थित दिसले तरी त्यास क्रम आहे. प्रथम शव ताजे असते. मग आतील जंतूंच्या क्रियेने वायू साठून पोट फुगते. नंतर कातडी फुटते आणि अळ्यांचे थवे मांस फस्त करू लागतात. ह्या थव्यांच्या एकत्र हालचालीने आतील उष्णता बाहेरच्या हवेहून पुष्कळ वाढते. शेवटी मऊ भाग संपतो, कातडी व हाडे उरतात आणि माश्यांची जागा भुंगेरे घेतात. मराठवाड्यातील कडक उन्हाळ्यात शव लवकर वाळते व भुंगेऱ्यांचे काम लवकर सुरू होते. पावसाळ्यात ते ओले राहते आणि माश्यांचे राज्य लांबते.

उष्ण दिवसांत अळीची खाण्याची अवस्था साधारण तीन ते पाच दिवसांत संपते. मग ती शव सोडून काही फूट दूर सरपटत जाते आणि भुसभुशीत मातीत शिरून तपकिरी, धान्याच्या दाण्यासारखा कोष करिते. आठ-दहा दिवसांनी, हवा थंड असल्यास त्याहून उशिरा, त्यातून नवी माशी बाहेर पडते. हा भाग प्रत्येक ग्रामकार्यकर्त्याने नीट समजून घ्यावा. कारण शवावर कीटकनाशक ओतून माश्यांचा बंदोबस्त केला, असे समाधान अनेक जण मानतात. ते समाधान पोकळ आहे. पिढी मातीत उतरून गेलेली असते आणि विष मात्र वर राहते. ते विष पावसाच्या पाण्याने नाल्यात जाते, तेच मांस खाणाऱ्या कुत्र्यांच्या, कावळ्यांच्या व घारींच्या पोटात जाते. कपाशीवर उरलेले औषध मेलेल्या म्हशीवर रिकामे करणे ही स्वच्छता नव्हे, ते दुसरे संकट होय.

जुने साथीदार गेले

येथे कोणी विचारील की, पूर्वीही जनावरे मरत होती व उघड्यावरच टाकली जात होती. मग आताच एवढा विचार कशासाठी? ह्या शंकेत तथ्य आहे आणि तिचे उत्तरही आहे. पूर्वी मेलेल्या ढोरावर आकाशातून गिधाडे उतरत. त्यांचा मोठा थवा आला म्हणजे तासा-दोन तासांत केवळ सांगाडा उरे. मांसमाशीच्या अळ्यांस वाढावयास अवधीच मिळत नसे. १९९० नंतर भारतातील गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या तर शेकडा नव्व्याण्णवांहून अधिक घटली. जनावरांच्या सूज-वेदनांवर दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध त्यांच्या मरणाचे कारण असल्याचे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. औषध टोचलेले जनावर मेले व ते गिधाडांनी खाल्ले की, त्यांचे मूत्रपिंड निकामी होते. भारत सरकारने २००६ साली ह्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली आणि २०२३ साली केटोप्रोफेन व एसिक्लोफिनॅक ह्यांवरही. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांस निर्धोक असलेले औषध उपलब्ध आहे. शेतकऱ्याने आपल्या गुरांसाठी त्याचाच आग्रह धरावा.

गिधाडे गेल्याची किंमत केवळ पक्षिप्रेमींनी मोजली असे नव्हे. २००० ते २००५ ह्या काळात गिधाडांच्या अभावी देशात सुमारे पाच लाख माणसे अधिक मरण पावली असावीत, असा अंदाज २०२४ साली दोन अर्थशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला. उघड्यावर कुजणारी शवे, दूषित होणारे पाणी आणि वाढणारी मोकाट कुत्री ही त्याची कारणे त्यांनी दाखविली. गिधाडांनी सोडलेले काम आज माशी व कुत्रा यांच्यावर पडले आहे. माशी ते प्रामाणिकपणे करिते, पण तिला वेळ लागतो आणि ती जेथे बसते तेथील घाण पायांना व सोंडेला लावून दुसरीकडे नेते. शव गावापासून दूर असेल तर ह्याची झळ लागत नाही. ते शाळेच्या मागच्या ओढ्यात असेल तर लागते.

सर्वांत मोठा धोका

याहून गंभीर गोष्ट साथीच्या रोगांची आहे. फाशी, ज्याला काळपुळी असेही म्हणतात, त्या रोगाने जनावर अचानक मरते. नाकातोंडातून व गुदद्वारातून काळसर, न गोठणारे रक्त येते. असे शव कदापि उघडू नये, सोलू नये. रोगजंतूंना हवा लागली की ते कठीण कवचाच्या बीजाणूंचे रूप घेतात आणि ते बीजाणू जमिनीत कित्येक दशके जिवंत राहतात. दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानात असे आढळून आले आहे की, ह्या रोगाने मेलेल्या प्राण्यांवर पोसलेल्या माश्या आसपासच्या झुडपांच्या पानांवर बसून ओकतात व विष्ठा टाकतात, आणि ती पाने खाणाऱ्या प्राण्यांस रोगाची लागण होते. फऱ्या रोगाचे बीजाणूही मातीत दीर्घकाळ टिकतात. नाल्यात फेकलेला एक बैल अशा रीतीने पुढील पिढीच्या बैलांचा वैरी ठरू शकतो. त्याच नाल्याच्या काठी उद्या धावड्याची गुरे चरणार असतात.

माशीचा आणखी एक धोका जिवंत जनावराला आहे. उघड्या जखमेत, व्यालेल्या गाईच्या मागल्या भागात, वासराच्या बेंबीत माश्या बसून किडे पडतात. त्यांतील एक हिरवी-निळी माशी तर शवावर वाढतच नाही. तिच्या अळीला जिवंत मांसच लागते. म्हणजे सारी शवे पुरून टाकली तरी जखमेची निगा ठेवण्याचे काम सुटत नाही. बेंबीला आयोडिन लावणे, जखम धुऊन झाकणे आणि किडे दिसताच पशुवैद्यकीय दवाखाना गाठणे, यास पर्याय नाही.

हे काम कोणाचे?

आता मूळ प्रश्नाकडे वळावयास हवे. मृत जनावर उचलण्याचे काम शतकानुशतके गावाने एका विशिष्ट समाजाच्या गळ्यात बांधले होते. त्याच्या मोबदल्यात हाडकी-हाडोळ्याची तुटपुंजी जमीन आणि वाट्याला अप्रतिष्ठा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मार्च १९२७ मध्ये महाड येथील परिषदेत मृत मांस सोडून स्वाभिमानाने जगण्याचा संदेश दिला. मुंबई राज्यात १९५८ साली कनिष्ठ ग्रामवतने नाहीशी करणारा कायदा झाला. ज्यांनी हे काम टाकले, त्यांनी योग्यच केले. परंतु बाकीच्या गावाने त्यांच्या जागी कोणतीही व्यवस्था उभी केली नाही. आजही जनावर मेले की, काही घरांकडे बोट दाखविणारी माणसे आढळतात. ही लाजिरवाणी गोष्ट होय. ज्याने त्या बैलाच्या कष्टांचे धान्य खाल्ले, त्याच्या शवाची विल्हेवाट त्यानेच लावावयास हवी, आणि एकट्याने न झेपल्यास गावाने त्याला हात द्यावयास हवा. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मेलेली जनावरे सोलण्याचे काम स्वतः हाती घेतले, ते हेच शिकविण्यासाठी. कामाला जात नसते.

खर्चाची अडचण खरी आहे. मुरमाड जमिनीत माणसाने सहा-सात फूट खड्डा खणणे हे दिवसभराचे काम आहे, आणि यंत्राचे भाडे मेलेल्या जनावरासाठी देणे गरीब शेतकऱ्याच्या जिवावर येते. जनावर गेल्याचे दुःख, त्याचे कर्ज आणि त्यावर हा खर्च! म्हणूनच हे ओझे एकट्याच्या खांद्यावर न टाकता ग्रामपंचायतीने उचलावे. गावाची स्वच्छता हे तिचे कर्तव्य आहेच. २०२२ साली लम्पी त्वचारोगाची साथ आली, तेव्हा मृत जनावर खोल पुरण्याची सूचना गावोगाव पोचली होती. साथीच्या भीतीने जे करता आले, ते एरवीही करता येईल.

काय करता येईल

पहिली गोष्ट, प्रत्येक गावाने एक जागा ठरवावी. ती वस्ती, विहीर, नाला व पाणवठा यांपासून दूर, उंचवट्यावर आणि काटेरी कुंपणाची असावी. उन्हाळ्यात यंत्र गावात आले असताना एक-दोन खड्डे आधीच खणून त्यांस कुंपण घालून ठेवावे. भर पावसात, चिखलात खड्डा खणण्याची वेळ येऊ नये. शवाखाली व वर चुना घालून त्यावर निदान तीन-चार फूट माती दाबून भरावी व वर काटे आणि दगड ठेवावेत.

दुसरी गोष्ट, मृत्यूचे कारण कळल्यावाचून शवास हात लावू नये. पशुधन विकास अधिकाऱ्यांना तत्काळ कळवावे. विमा असल्यास शवविच्छेदनासाठीही ते आवश्यकच आहे. फाशीचा संशय असल्यास शव ओढत नेऊ नये. नाकातोंडाची रंध्रे जंतुनाशकात भिजविलेल्या बोळ्यांनी बंद करावीत व अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली शव तेथेच जाळावे अथवा खोल पुरावे.

तिसरी गोष्ट, जेथे अद्याप गिधाडे आहेत तेथे औषधमुक्त, निरोगी जनावरांची शवे त्यांस मिळावीत अशी व्यवस्था वनखात्याच्या संमतीने करता येते. नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळ खोरीपाडा येथे असे गिधाडांचे उपाहारगृह गावकऱ्यांच्या सहकार्याने उभे राहिले आहे.

चौथी गोष्ट कोणी अनावश्यक म्हणेल, परंतु तिचे महत्त्व कमी नाही. साथीच्या रोगाने न मेलेले एखादे जनावर शिवारात पडले असल्यास, विज्ञान-शिक्षकांनी किंवा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी त्यावरील माश्यांची नोंद ठेवावी. दिनांक, हवामान, शवाची अवस्था, हिरव्या माश्या किती, करड्या किती, एवढी वही पुरे. हातमोजे घालून काही अळ्या ओलसर वाळूच्या बरणीत थोड्या मांसासह ठेवल्या व तोंडाला कापड बांधले, तर तीन आठवड्यांच्या आत प्रौढ माश्या हाती येतात. त्या छत्रपती संभाजीनगर येथील मराठवाडा विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागासारख्या ठिकाणी दाखविता येतील. धावड्याच्या शिवारात कोणत्या ऋतूत कोणती मांसमाशी येते, हे धावड्यानेच पाहिले तर त्याची नोंद खरी होईल. पिकावरील किडींचे निरीक्षण करून मगच औषध ठरवावे, हे शेतकऱ्यास सांगितले जाते. तोच नियम येथेही लागू आहे.

माशीला बुद्धी नाही आणि वैरही नाही. जेथे मांस कुजते तेथे ती येते, आपले काम करिते आणि मातीचे मातीला परत देते. ज्या दिवशी गावाबाहेरच्या नाल्यात माश्यांचा घोंगाट ऐकू येईल, त्या दिवशी फवारणीचा पंप काढण्यापूर्वी गावाने एक प्रश्न स्वतःस विचारावा : हे जनावर येथे कोणी आणून टाकले? पोळ्याला ज्याच्यापुढे हात जोडले, त्याला शेवटी सहा फूट माती देण्याइतके ऋण तरी प्रत्येक गाव खात्रीने फेडू शकेल.